कॅज्युअल्टीचा इनचार्ज कोण?

किस्से कुणी ठरवून जमवत नाही. ते अंगावर येऊन पडतात. त्या वेळी तोंडावर बोलता येत नाही, म्हणून आतल्या आत साठत जातात. मग कुणीतरी चहा पिता पिता म्हणतं, "काय गं, तुमच्याकडं ॲक्सिडेंटच्या केसेस बाई बघते म्हणे?" आणि माझं तोंड सुटतं.

मी फार्मसी दुसऱ्या वर्षाला सोडली. का सोडली ते घरचे अजून रोज विचारतात, तुम्ही नका विचारू. शिरूरच्या एका खासगी हॉस्पिटलात कॅज्युअल्टीच्या काउंटरवर बसते. रांजणगावच्या कंपन्यांतली चेंगरलेली बोटं, हायवेवरची फुटलेली डोकी, सगळं आधी माझ्यासमोरून आत जातं. आत असतात डॉ. प्रज्ञा मॅडम. इमर्जन्सी मेडिसिनमध्ये एमडी. आमच्याकडं ही डिग्री असलेल्या त्या एकट्याच.

जुने इनचार्ज सोडून गेले आणि खुर्ची रिकामी झाली. ती मॅडमची, हे वॉचमनलाही कळत होतं. कळत नव्हतं ते फक्त मालकांना, म्हणजे मोठ्या सरांना. "कॅज्युअल्टी म्हणजे मारामाऱ्या, पोलीस, दारुडे. बाईमाणसाचं काम नाही ते." त्यांच्या मनात डॉ. अजिंक्य. नुसता एमबीबीएस, मॅडमच्या हाताखाली शिकलेला, स्वभावानं चांगला. आणि मुख्य म्हणजे पुरुष!

*

आमचे संतोष ब्रदर म्हणजे नर्सिंग केलेला सहा फुटी माणूस. मिशी अशी, की पेशंट बघूनच बरा व्हावा.

एकदा ट्रॅक्टरखाली पाय आलेला एक पोरगा आणला. मॅडम दोन्ही हातांनी मांडी दाबून रक्त थांबवतायत, घाम गळतोय. मागून पोराचे चुलते ओरडले, "ओ शिस्टर, सरका की बाजूला! सायबांना बघू द्या!" आणि संतोष ब्रदरपुढं हात जोडून उभे.

ब्रदर सलाइन लावता लावता म्हणाले, "मामा, सायब त्याच हायत. मी नुसती मिशी हाय."

*

हे मात्र हसण्यासारखं नाही. तरी सांगते.

एका गावचं मोठं प्रस्थ असलेले आप्पा छातीत दुखतंय म्हणून आले. सोसायटीत वजन, घरासमोर दोन गाड्या, सोबत पाच-सहा कार्यकर्ते. मॅडम ईसीजी बघतायत आणि आप्पांची चौकशी चालू.

"म्याडम, तुम्ही कुठल्या?"

"दौंडची."

"दौंडात कुठं?"

"रेल्वे क्वार्टर. वडील रेल्वेत होते."

"व्हय, पन मूळ गाव? आडनाव काय म्हनला?"

खोलीत सगळ्यांना कळत होतं आप्पांना नेमकं काय हवंय. माझ्या हातातलं पेन मोडायच्या बेतात होतं. मॅडमनी ईसीजीचा कागद त्यांच्यासमोर धरला. "आप्पा, तुमच्या हृदयाची एक नळी बंद पडलीय. ती उघडायचं इंजेक्शन देते. नळी उघडली की आडनाव सांगते. नाही उघडली, तर तुम्हाला त्याचा काही उपयोग नाही."

इंजेक्शन दिलं. नळी उघडली. चार-पाच दिवसांनी आप्पा चालत घरी निघाले. माझ्या काउंटरवर वाकून हळूच म्हणाले, "पोरी, त्या म्याडमचं आडनाव काय गं?"

म्हातारा दुरुस्त झाला, पण फक्त हृदयापुरता.

*

आमची दुसरी शाखा दौंडला. आठवड्यातनं एक दिवस मॅडमची ड्यूटी तिथं, मलाही सोबत पाठवतात.

स्टेशनवर एक हमाल चक्कर येऊन पडला, त्याला उचलून आणलं. हृदय बंद. मॅडम स्ट्रेचरवरच गुडघे टेकून चढल्या आणि छाती दाबायला लागल्या. खाली तिथले ब्रदर स्ट्रेचर पळवतायत, वर मॅडम दाबतायत, अशी वरात आत गेली. मॅडमचा ड्रेस म्हणजे ढगळ शर्ट आणि पँट, ऑपरेशन थिएटरमध्ये घालतात तसा.

तिथले सिनिअर फिजिशियन टाय सावरत बाहेर आले. वय सत्तरीचं, मत त्याहून जुनं. "शोभतं का हे? लेडी डॉक्टर पुरुष पेशंटच्या अंगावर चढते! ओढणी नाही, काही नाही!"

तेवढ्यात आतून हाक आली, नाडी लागली म्हणून. हमालाची बायको दाराशी बसली होती. ती पदरानं तोंड पुसत उठली आणि त्या फिजिशियनसमोर जाऊन उभी राहिली.

"कुनाला शोभत न्हाई म्हनला? माझा मालक जित्ता हाय आत!"

*

शिरूरला डॉक्टरांची ड्यूटी रूम एकच. पलंग, एसी, टीव्ही. ती 'जेंट्स डॉक्टरांची'. मॅडमना 'लेडीज म्हणून खास वेगळी खोली'. म्हणजे स्टोअर! सलाइनचे खोके, तीन चाकांच्या व्हीलचेअर आणि मधे एक सतरंजी. मॅडमनी अर्ज दिले, तोंडी सांगितलं. सर म्हणायचे, "उलट तुमची जास्त काळजी घेतलीय."

मग पुण्याहून तपासणीला लोक आले. सूटबूट, हातात फाइली. त्यांनी विचारलं, "डॉक्टर विश्रांती कुठं घेतात?" मोठे सर ड्यूटी रूमकडं वळले.

मॅडमनी स्टोअरचं दार उघडलं. "या ना. बसा. माझ्याकडं व्हीलचेअरही आहेत."

संध्याकाळपर्यंत खोके बाहेर, पलंग आत!

*

इनचार्जसाठी सरांनी दोघांना केबिनमध्ये बोलावलं. मी सह्या घ्यायला गेले होते, तिथंच रेंगाळले.

मॅडमना पहिला प्रश्न, "लग्नाचा काय विचार?" दुसरा, "लग्नानंतर शिरूरलाच राहाल याची गॅरंटी काय?" तिसरा, "उद्या बाळ झालं तर इनचार्जनं रजेवर जायचं का?"

अजिंक्य सरांची बायको सातव्या महिन्यात होती. त्यांना प्रश्न एकच, "कधीपासून चार्ज घेतोस?"

अजिंक्य सर लाल झाले. "सर, बाळाचं मलाही विचारा ना. मलाच रजा लागणार आहे."

"तुला कशाला रजा? बाळ तुला होणारे का?"

मॅडम म्हणाल्या, "मग मलाच करा सर. मला तर सध्या होतच नाहीये."

मी सह्या न घेताच बाहेर पळाले. हसू आवरेना!

तरी त्याच आठवड्यात कुजबुज आली. नाव ठरलंय, अजिंक्य. मॅडमनी पुण्यातल्या एका हॉस्पिटलला नोकरीसाठी फोन लावलेला मी ऐकला.

*

आता शेवटचा.

मोठ्या सरांच्या मिसेसना आम्ही काकू म्हणतो. हॉस्पिटलच्या बोर्डावर सरांच्या खाली त्यांचं नाव आहे, 'डॉ. सौ.' लावून. डिग्री त्यांचीही खरी, पण त्यांनी पेशंट तपासलेला मी कधी पाहिला नाही. कॅन्टीन आणि चादरींची धुलाई त्या बघतात. लग्न झालं तेव्हापासून तेच बघतात म्हणे.

त्या दिवशी दुपारी सर स्वतः गाडी हाणत आले. मागच्या सीटवर काकू. कवठे येमाईच्या मळ्यात गांधीलमाश्या चावल्या होत्या. तोंड सुजलेलं, घशातनं शिट्टीसारखा आवाज, बोलता येईना. जन्मभर पोटं उघडून शिवलेला माणूस, पण काकूंना हात न लावता दारातूनच हाका मारायला लागला.

"अजिंक्य! अजिंक्यला बोलवा!"

अजिंक्य सर पळत आले, काकूंकडं एकदा बघितलं आणि ओरडले, "मॅडम!"

मॅडम इंजेक्शन भरूनच आल्या होत्या. मांडीत टोचलं, ऑक्सिजन लावला आणि मान न वळवता म्हणाल्या, "सर, बाहेर थांबा. नातेवाईक आत नकोत."

मोठे सर माझ्या काउंटरसमोर येऊन उभे राहिले. मीही सोडलं नाही. "पेशंटशी नातं?" ते बारीक आवाजात म्हणाले, "मिस्टर."

दुसऱ्या दिवशी सकाळी काकू ठणठणीत. बेडभोवती सगळे जमलेले: मॅडम, अजिंक्य सर, संतोष ब्रदर, मी. सरांनी चपला पुढं सरकवल्या. "चल, घरी जाऊ."

काकू उठल्या नाहीत. "अहो, इथला इनचार्ज कोण?"

सरांनी घसा साफ केला. "अगं, ते अजून ठरायचंय."

"बरं," काकू म्हणाल्या. "मग ठरवा."

त्यांनी पाय वर घेतले, चादर गळ्यापर्यंत ओढली.

"तोवर मी काही उठत नाही."