मुका पंचम

मास्तर अमरावतीच्या सरकारी दवाखान्यात वारले, तेव्हा मी अकोल्यात होते. मुलींच्या एका शाळेत नुकतीच शिकवायला लागले होते. बातमी आणली ती आमच्या गावच्या एका एस.टी. कंडक्टरने. तोही मास्तरांच्याच हाताखाली शिकलेला. खाकी कपड्यांत दारात उभा राहिला आणि म्हणाला, "ताई, आपले मास्तर गेले वो."

"काही बी काय बोलून राह्यला रे!" मी त्याच्यावरच खेकसले. जसं काही त्यानंच केलं होतं. तो बिचारा मान खाली घालून उभा राहिला, तेव्हा मला ते खरं वाटलं आणि मी उंबऱ्यावरच बसले.

मास्तर म्हणजे चांदूर बाजारच्या आमच्या शाळेतले मराठीचे मास्तर. गाण्याचा तास वेळापत्रकात नव्हताच. तो त्यांनी सकाळच्या प्रार्थनेत घुसवला होता. उंच, काळेसावळे, बारा महिने बंद गळ्याचा कोट, उन्हाळ्यातसुद्धा. छडी त्यांनी कधी हातात धरली नाही. पण कोणी बेसूर गायलं की असं तोंड करायचे, जसं कोणी त्यांच्या चहात मीठ टाकलं! त्या तोंडाला आम्ही छडीपेक्षा जास्त भ्यायचो. त्यांच्या बायकोने, आमच्या काकूंनी, त्याच भीतीनं जन्मात कधी तोंडातून सूर काढला नव्हता. "मी गायली तं ह्यायचा चहा खारट होते," असं म्हणून त्या हसायच्या आणि आमच्यासाठी पोहे टाकायला आत जायच्या.

शाळेची पेटी जुनाट होती. अमरावतीत एक नाटक कंपनी बुडाली, तिच्या सामानातून आलेली. तिची मधली एक पट्टी मुकी होती. दाबली की नुसती हवा सुटायची, फुस्स. मास्तर नेमका असा सा धरायचे की प्रार्थनेतला पंचम त्याच मुक्या पट्टीवर यावा. म्हणजे पंचम आला की पेटी गप्प, आणि तो सूर आम्ही पोरांनी गळ्यातून भरून काढायचा. सगळ्यांनी, मोकळा आवाज लावून. नवीन आलेल्या पोरांना आठवडाभर हसू यायचं, मग सवय व्हायची. आमच्या शाळेतून शिकून गेलेला माणूस आजही कुठलंही गाणं म्हणू द्या, पंचमावर ओरडतो. परगावी लोक हसतात. हसू द्या.

पुढं मी अकोल्याला शिकायला गेले, तेव्हा तिथं पेटी दुरुस्त करणारा एक चांगला कारागीर मला माहीत झाला. सुट्टीत घरी आले तेव्हा मोठ्या उत्साहात मास्तरांना म्हटलं, "पेटी द्या मास्तर, एस.टी.च्या टपावर टाकून नेते, नवा सूर बसवून आणते."

मास्तर असे भडकले! "कावून? आँ? पेटीनं सगळेच सूर आयते देल्ले तर हे पोट्टे कान कायले लावतीन?" मग जरा निवले. म्हणाले, "पंचम पक्का असला ना पोरी, की बाकीचे सूर आपोआप जाग्यावर येतात. तो मी पेटीत ठेवला नाही. पोरायच्या गळ्यात ठेवला."

ती प्रार्थनाही त्यांचीच. छप्पन साली मास्तर आणि काकू नागपूरला जाऊन बौद्ध झाले. त्यानंतर शाळेतली जुनी, देवाची प्रार्थना ते वाजवायचे, पण गायचे नाहीत. काही दिवसांनी स्वतःच एक नवी रचून आणली. तिच्यात कोणत्याच देवाचं नाव नव्हतं. गावात कुजबूज झाली, नाही असं नाही. आमचं घर माळ्याचं. बाप भाजी पिकवायचा, माय बाजारात घेऊन बसायची. मायनं विचारलं, "याच्यात देव कुठीसा आहे वो?" बाप वांग्याची टोपली उचलता उचलता म्हणाला, "पोट्टी सुरात गाते ना? बस झालं मंग."

त्या प्रार्थनेचा शेवटचा शब्द होता 'सांभाळ', आणि तो त्या मुक्या पंचमावर यायचा. मी तेव्हा परकर-पोलक्यातली. भीडभाड नव्हतीच, आजही नाही. सगळ्यांसमोर विचारलं, "मास्तर, सांभाळ असं म्हनाचं तर कोनाले म्हनाचं?"

मास्तर पेटीचा भाता दाबता दाबता थांबले. "बाजूच्याले," म्हणाले. "कोन उभं आहे तुह्या बाजूले? त्याले म्हन."

माझ्या बाजूला जो पोरगा उभा होता त्याचं नाक वाहत होतं. मला मुळीच पटलं नाही.

मग मास्तरांच्या गळ्याचं दुखणं सुरू झालं. आधी आवाज बसला, मग गेला. असलं दुखणं त्यांनाच व्हावं याचा मला अजून संताप येतो. माणसाला मरण द्यायचंच होतं तर पायाला द्यावं, पोटाला द्यावं. त्यांच्या गळ्याशीच काय वैर होतं? दवाखान्यात भेटायला गेले तर काकू उशाशी बसून चमच्याने दूध पाजत होत्या. मास्तरांनी मला खूण करून जवळ बोलावलं. कान तोंडाशी न्यावा लागला, इतकं बारीक बोलले. "शाळेत माह्यासाठी काही करतीन, तं आपली प्रार्थना तू म्हनजो. आन् रडू नको. रडनाऱ्याचा सूर उतरते."

"काही होत नाही तुम्हाले," मी म्हटलं.

त्यांनी तेच तोंड केलं. चहात मीठ टाकल्याचं. मग मी मुकाट्यानं हो म्हटलं.

शोकसभा बाजाराच्या दिवशी ठेवली होती, म्हणजे खेड्यापाड्यातल्या लोकांना यायला सोपं. मी आदल्या दिवशीच गावी पोचले. शाळेत जाऊन पाहते तर टेबलावर नवीकोरी पेटी. हेडमास्तर नवे होते, बाहेरगावचे, स्वभावाने चांगले. त्यांनी खास अमरावतीहून मागवली होती. माझं डोकंच फिरलं.

"मास्तरांची पेटी कुठं आहे?"

"अहो बाई, ती नादुरुस्त आहे. तालुक्याहून साहेब येणार, चारचौघांत बरं दिसेल का ते?"

"बरं दिसाले मास्तर काय लग्नात गेले का?" मी अशी काही बोलले की शिपाई हातातली खुर्ची घेऊन तसाच उभा राहिला. "तीच पेटी काढा. नाहीतर तुम्हीच म्हणा प्रार्थना." हेडमास्तरांनी कपाटाची किल्ली दिली.

संध्याकाळी काकूंना हे सांगितलं. त्या ज्वारी निवडत होत्या. कपाळ मोकळं, हात मोकळे. माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "त्या नव्या पेटीनं तुले सांभाळून घेतलं असतं वो. आता तो सूर एकल्या तुह्यावर आला. झेपन का?"

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. भांडायच्या नादात मी आपला एकुलता एक आधार घालवून बसले होते. रडायचं नाही, हे एकच त्यांनी माझ्याकडे मागितलं होतं, आणि नेमकं तेच मला जमेल का नाही, देव जाणे.

दुसऱ्या दिवशी शाळेचं मैदान भरलं. याच शाळेत शिकलेल्या बाजारातल्या बायका टोपल्या झाकून आल्या होत्या. धारणीकडे जंगलखात्यात नोकरीला असलेला एक विद्यार्थी पहिल्या जीपने आला होता. कंडक्टर होता. लहान पोरं रांगेत होती. काकू पुढे, पेटीच्या बाजूला, सतरंजीवर. भाषणं झाली, साहेबांनी मास्तरांचं नाव चुकीचं घेतलं, मी दात-ओठ खाऊन गप्प बसले. मग मला बोलावलं.

पेटी उघडली. भात्याला त्यांच्या हाताचा तंबाखूचा वास होता. मी कोणाकडे पाहिलं नाही, समोरच्या खांबाकडे पाहून गायले. पहिलं कडवं गेलं. दुसरं गेलं. पंचम दोनदा आला, मी दोन्हीदा लावला, स्वच्छ लागला. मनात म्हटलं, होतंय मास्तर, होतंय.

शेवटची ओळ आली. 'सांभाळ' वर बोट ठेवलं. पेटीनं नेहमीसारखी हवा सोडली, आणि तो फुस्स आवाज ऐकून मला त्यांचं दवाखान्यातलं बोलणं आठवलं. अगदी तसंच, नुसती हवा. तोंड उघडं, आवाज नाही. रडू नको म्हणाले होते आणि मी सगळ्या गावासमोर ढसाढसा रडत होते.

पण सूर आला. मैदानातून आला. कंडक्टरचा, धारणीवाल्याचा, टोपल्यांपाशी बसलेल्या बायांचा, रांगेतल्या पोरांचा, सगळ्यांचा मिळून. कोणी खूण केली नव्हती. पेटी गप्प झाली की गायचं, एवढंच त्यांना लहानपणापासून माहीत होतं. 'सांभाळ' म्हणून त्यांनी तो पंचम धरला, मास्तर धरायला लावायचे तितका वेळ धरला. मी डोळे पुसून बाजूला पाहिलं.

काकू गात होत्या. शेजारच्या बाईचा हात घट्ट धरून, डोळे मिटून, तोंड उघडून गात होत्या. त्यांचा सूर उतरलेला होता, चांगलाच उतरलेला होता, आणि तोंड वाकडं करायला कोणी नव्हतं.