चहाचं आइस्क्रीम

बाबांच्या घशातल्या गाठीला मुंबईच्या डॉक्टरांनी महिनाभर विजेचा शेक दिला. मग मला बाजूला घेऊन म्हणाले, "आता घरी न्या. मागतील ते द्या." आम्ही त्यांना किहीमला परत आणलं.

बाबा शाळामास्तर होते. निवृत्त झाल्यावरही दिवसाला पाच कप चहा ठरलेला. आता ते दुसरं काहीच मागत नव्हते. पण गरम घोट घशाशी गेला की दोन्ही हातांनी खाटेची कड घट्ट धरायचे. थंड करून दिला, तर खरखरत्या आवाजात म्हणाले, "हे तर भांडी विसळलेलं पाणी."

मी तेव्हा अलिबागला शिकवायला जात असे. एसटीत बसल्या बसल्या सुचलं: थंडच द्यायचा तर त्याचं आइस्क्रीम का करू नये? शेजारच्या बंगल्यातल्या माळ्याकडून आइस्क्रीमचा पॉट मागून आणला. बर्फ फक्त कोळीवाड्यात मिळायचा, तोही मासळीसाठी ठेवलेला.

"मावऱ्याचा बर्फ हाय, बाय. खायाचा न्हाय," कोळीण म्हणाली.

"डब्याच्या बाहेरून लावायचाय," मी म्हटलं. तिने भुशात घालून गोणपाटात बांधून दिला. घरी येईपर्यंत निम्मा वितळला होता.

दूध आटवलं, त्यात चहाची पूड उकळली, गाळून साखर घातली. आलं टाकलं नाही. घशाला झोंबलं असतं. बर्फात खडेमीठ पसरून फिरवायला बसले, तर बाबा भिंत धरून ओटीवर आले. "मी फिरवतो," म्हणाले. सात-आठ फेरे झाले आणि हातातलं बळ संपलं. तरी हँडल सोडेनात. मग त्यांच्या हातावर हात ठेवून मीच फिरवत राहिले.

आइस्क्रीम छान जमलं. फिकट बदामी रंगाचं. बाबांनी चमचाभर तोंडात धरलं, डोळे मिटले. मला वाटलं, जमलं! पण ते विरघळलं तसं ओठांच्या कडेनं हनुवटीवर ओघळलं. थंडसुद्धा आत जात नव्हतं. पदराने मी पुसलं. दुसऱ्या चमच्याला त्यांनी तोंड उघडलं नाही.

थोड्या वेळाने आईला म्हणाले, "तू खा. कसं झालंय सांग."

आईने जन्मात चहा घेतला नव्हता. या व्यसनावरून ती त्यांच्याशी आयुष्यभर भांडली होती. ती वाटी घेऊन त्यांच्यासमोर बसली आणि एकेक चमचा खाऊ लागली.

"कसंय?"

"कडू आहे हो."

"पूड जास्त झाली असेल," बाबा म्हणाले, आणि तिची वाटी संपेपर्यंत तिच्याकडे पाहत राहिले.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही घरात चहा उकळणं बंद केलं. बाबांपर्यंत वास जाऊ नये म्हणून मी शेजारी जाऊन घ्यायचे. तिसऱ्या दिवशी बाबांनी विचारलं, "आज चहा नाही का केला?"

"पूड संपलीय," आई म्हणाली.

फळीवरचा चहाच्या पुडीचा भरलेला काचेचा डबा खाटेवरून स्पष्ट दिसत होता. बाबांनी त्याकडे एकदा पाहिलं आणि कूस बदलली. त्यानंतर त्यांनी काहीच मागितलं नाही. पाणीसुद्धा.