पालथा ड्रम

आमचे हे आष्टीकडच्या एका सहकारी साखर कारखान्यात शेतकी खात्यात होते. हंगाम संपला, शेवटची ऊसतोड टोळी गावाकडे गेली, की दरवर्षी आठ दिवस आम्ही अंबाजोगाईला जायचो. मांजरसुंब्याला चहा, संध्याकाळी देवीचं दर्शन, तांबूल, दुसऱ्या दिवशी हत्तीखान्याची लेणी. बालाघाटाच्या वाऱ्यावर बसून दरवर्षी माझं एकच म्हणणं असायचं, रिटायर झालो की इथंच राहायचं. हे दरवर्षी हो म्हणायचे. हो म्हणायला ह्यांना कधीच काही लागलं नाही.

रिटायर झाल्यावर मी तो हो धरूनच ठेवला. चार महिने राहून बघू, जमलं तर कायमचं, नाहीतर मुकाट्यानं परत, असं ठरलं. हट्ट माझा होता, त्यामुळे परत जाणं म्हणजे माझी हार होती. गावाच्या शेवटच्या वस्तीत, माळाच्या कडेला, दोन खोल्या मिळाल्या.

दिवाळी होऊन गेली होती आणि ते दुष्काळाचं वर्ष होतं. वस्तीतली बारा घरं, त्यातल्या नऊ घरांना कुलपं. सगळे ऊस तोडायला गेलेले. सुट्टीतल्या आठ दिवसांत असलं काही दिसत नाही. उन्हं वर आली तरी गल्लीत एक आवाज नसे. कोंबडंसुद्धा नाही. माझ्याच बांगड्या वाजल्या तरी मी दचकायची.

टँकर दर चौथ्या दिवशी यायचा. टँकरवाला दारापुढचे उभे ड्रम बघून पाणी सोडायचा आणि पुढे जायचा. आमच्याकडे ड्रम एकच. समोरच्या कुलूपबंद घरापुढे मात्र एक निळा ड्रम पालथा घातलेला. रिकामी वस्तू नुसती पडून राहिली की ह्यांच्या पोटात दुखतं, कारखान्यातली सवय. उचलून आणला तर चोरी दिसेल, म्हणून ह्यांनी तो जागच्या जागी सरळ केला आणि टँकरवाल्याकडून भरून घेतला. मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही. उलट धुणं होईल म्हणून मी खूश.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यातलं घागरभर पाणी कमी झालं होतं. तिसऱ्या दिवशी आणखी घागरभर. मी ह्यांना विचारलं, तर म्हणाले, ऊन पितं. मार्गशीर्षातलं ऊन घागरीच्या मापानं पाणी पितं हे मला नवीनच होतं.

चौथ्या दिवशी मी उजाडताच ओट्यावर येऊन बसले. तरी उशीर झालाच. ड्रमपाशी जमीन ओली होती आणि तिथून ओली पावलं निघाली होती. अनवाणी, लहान पावलं. ती समोरच्या घराच्या पायरीपर्यंत गेली होती आणि तिथं संपली होती. दाराला कुलूप तसंच होतं, त्यावर धूळही तशीच. मी बघत असतानाच ती पावलं वाळून गेली. हे उठेपर्यंत दाखवायलाही काही उरलं नाही.

त्याच दिवशी अकराच्या सुमाराला, भर उन्हात, मी तांदूळ निवडत असताना समोरून भाकरी थापल्याचा आवाज आला. थप, थप, थप, मधे थोडा थांबून पुन्हा थप. मग भाकरी भाजल्याचा वास. कुलूपबंद घरातून. ह्यांनीही तो आवाज ऐकला. माझ्याकडे बघून म्हणाले, लांबून येत असेल. पण पेपर खाली ठेवला तो पुन्हा उचलला नाही.

कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात मी विचारलं, समोरच्या घरात कोण राहतं? दुकानदार म्हणाला, "आता कोन राहतंय? ड्रम पालथा हाय न्हवं?" मग त्यानं इथली रीत सांगितली. घरातलं शेवटचं माणूस तोडीला निघालं की ड्रम पालथा घालायचा. पालथा ड्रम म्हणजे घरात कुणी नाही. परत येणाऱ्यानं तो उभा करायचा. तोही त्याच घरचा असला तरच.

मी म्हणाले, तो आम्ही सरळ केलाय.

तो साखर बांधता बांधता थांबला. "कावून केलं, बाई, तसं?" एवढंच म्हणाला आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला.

त्या दिवशी मी ह्यांना सांगून टाकलं, मला इथं राहायचं नाही. तीस वर्षांचा हट्ट मी पाच दिवसांत सोडला. हे मला हसले नाहीत, त्याचीच मला जास्त भीती वाटली. आधी तो ड्रम पालथा घालू, मग सामान बांधू, असं ठरवून आम्ही समोर गेलो. ड्रमला हात घातला तेवढ्यात पुन्हा आवाज सुरू झाला. थप, थप. ह्यांनी माझं मनगट धरलं आणि भिंतीच्या कडेनं आम्ही घराच्या मागं गेलो.

मागं पत्र्याचं एक छप्पर होतं, घराला टेकून. आत चूल पेटलेली आणि चुलीपुढं एक म्हातारी. इतकी लहान, की पावलं कुणाची ते मला पाय न बघताच कळलं. तिच्या पुढ्यात दोन ताटं मांडलेली होती, दोन्ही झाकलेली. तिनं वर बघितलं, पण दचकली नाही.

"चार दिस झाले ड्रम हुबा करून. आत कावून न्हाई आले?" ती म्हणाली. "रोज दोन भाकरी वाया चालल्यात."

मागचा हापसा आटल्यापासून ती गल्लीतल्या ड्रमांवरच होती; उजाडायच्या आत घागर भरायची आणि पायरीवर पाय पुसून भिंतीच्या कडेनं मागं यायची. तिनं आम्हाला पहिल्याच दिवशी पत्र्याच्या फटीतून बघितलं होतं. ज्यानं ड्रम उभा केला तो घरी आला, एवढंच तिला माहीत होतं, आणि घरी आलेलं माणूस जेवायला का येत नाही हे तिला कळत नव्हतं. ह्यांनी खाली बसून समजावलं, की आमची चूक झाली, आम्ही परके, ड्रम आता पालथा घालून ठेवतो. म्हातारी तव्यावरची भाकरी उलटवायची थांबली.

"ल्येकानं जाताना पालथा केला, बाबा," ती म्हणाली. "म्या दारातच हुबी व्हते, तरी केला."

मी विचारलं, मग तुम्हीच का नाही उभा केला? ती म्हणाली, घरात असलेल्यानं नाही करायचा, परत येणाऱ्यानं करायचा असतो. आमच्या ह्यांनी उभी हयात टोळ्यांच्या याद्या लिहिल्या. टोळीच्या हिशोबात नवरा-बायको मिळून एक कोयता. मागं राहिलेल्या म्हाताऱ्यांना त्या याद्यांत रकाना नव्हता, आणि तो नाही हे मला त्या क्षणापर्यंत सुचलंही नव्हतं. मी जिला भूत समजून घाबरले होते, ती चार दिवस रोज आमचं ताट वाढून बसली होती. मला स्वतःची लाज वाटली. आम्ही जेवलो. भाकरी थोडी करपली होती.

सामान बांधायचं राहिलं. टँकर आला की हे आधी तो ड्रम भरायचे. त्या वर्षी ऊसच नव्हता, त्यामुळे गाळप लवकर संपून कारखान्यांचा पट्टा पडला आणि टोळ्या माघ संपायच्या आतच परतल्या. तिचा मुलगा डोक्यावर गाठोडं घेऊन बायकोसह गल्लीत आला. त्याला सुनवायला मी कितीतरी गोष्टी जुळवून ठेवल्या होत्या. पण दारातला भरलेला ड्रम बघून तो रस्त्यातच थबकला. गाठोडं खाली न ठेवताच त्यानं मला दबक्या आवाजात विचारलं, "बाई, आमच्या घरात कोन हाय?"

मी म्हणाले, "तुझी आई."