हात न लावलेला पाऊच

लग्नाआधी धाकटी पहिल्यांदा सासरचं घर बघायला आली, तेव्हा दार एका भुतानं उघडलं. कोपरापर्यंत निळे हात, कपाळावर जांभळा पट्टा, केसांत मेणाचे खडे आणि पायांत एक चप्पल स्वतःची, दुसरी नवऱ्याची. "या, बसा, पाणी घ्या, निघालात का?" एवढं सगळं एका दमात म्हणून ते भूत मागच्या खोलीत गडप झालं. पाठोपाठ तिथून काहीतरी सांडल्याचा आवाज आला. धाकटीबरोबर आलेला मामा जो बाहेरच्या पायरीवर जाऊन बसला, तो निघेपर्यंत आत आलाच नाही.

ही थोरली जाऊ.

थोरली बाटिकचं काम करायची. गरम मेण ब्रशनं कापडावर लावायचं आणि कापड रंगात बुडवायचं. मेणाखालचं कापड कोरं राहतं, बाकीचं रंगतं. शेवटी मेण काढून टाकायचं. काम तसं सोपं, फक्त पावलोपावली थांबावं लागतं; आणि थोरलीला थांबणं सोडून जगातलं सगळं येत होतं. डॉक्टरांनी "आ करा" म्हणायच्या आत हिचा आ झालेला असायचा. नवरा म्हणायचा, "आमच्या लग्नाला ही आदल्या दिवशीच येऊन बसली होती."

बाजारातल्या मोठ्या दुकानात आपले पाऊच लागावेत, ही तिची अकरा वर्षांची आस. दोन नमुने परत आले होते. पहिल्या वेळी कापड दमट असतानाच मेण लावलं, ते मुरलंच नाही. दुसऱ्या वेळी रंग निवायच्या आत कापड बुडवलं आणि मेणानं काढलेले मासे विरघळून गेले. दुकानवाल्या बाईंनी बजावलं, "आता शेवटचा. सोमवारी चारपर्यंत आणा. परत विचारायला येऊ नका."

रविवारी सकाळी थोरलीनं ब्रश धाकटीच्या हातात दिला. "हा नमुना तू कर. दोन वर्षं नुसतं मेण खरवडतेयस, येतं तुला सगळं. आणि मला हात लावू देऊ नकोस. रडले तरी."

"आणि ओरडलात तर?"

"ओरडेनच. लक्ष देऊ नकोस."

धाकटीनं सात मासे काढले. थोरली दारात.

"मेण आरपार गेलं ना?"

"गेलं."

"पालथं करून बघ."

"बघितलं, जाऊबाई."

"रंग निवला?"

"आत्ता तर कालवलाय!"

"फुंकर घालू?"

शेवटी नवऱ्यानं थोरलीचा दंड धरला. "चल, चक्कर मारून येऊ."

"किती वेळ?"

"तू हे विचारायची थांबेपर्यंत."

घर एकदम शांत झालं. रंग पुरता गार झाल्यावर धाकटीनं कापड टबात सोडलं. आता चाळीस मिनिटं काही करायचं नव्हतं. पाच मिनिटं बरी गेली. मग तिनं पुसलेली शेगडी पुन्हा पुसली. घड्याळ बंद पडलंय असं वाटून कानाला लावलं. नुसता एक कोपरा उचलून बघितला तर काय होईल? हात तीनदा टबापर्यंत गेला. कापडाचं एवढं काय, एक गेलं तर दुसरं. पण त्या टबात दुसऱ्याची अकरा वर्षं भिजत पडली होती. अखेर ती दोन्ही तळहात मांडीखाली दाबून बसली. जाऊबाईंच्या अंगात हे रोज चालतं, हे तिला तेव्हा कळलं.

थोरली परतली तेव्हा कापड दोरीवर वाळत होतं. गडद निळ्यात सात स्वच्छ मासे. ती बघत राहिली.

"हात लावू?"

"नको."

"बरं," ती म्हणाली आणि दोन्ही हात काखेत कोंबून उभी राहिली. खरंच लावला नाही. धाकटीनं कापड वाळवलं, उकळत्या पाण्यात मेण काढलं, पाऊच शिवला, तरी नाही.

सोमवारी चारला जायचं म्हणून दोघी अडीचलाच दुकानात हजर. बाईंनी पाऊच उलटा केला, सुलटा केला, एकेक मासा चष्मा सावरून पाहिला.

"चांगलं झालंय. कोणी केलं?"

जाऊबाईंनी, असं सांगायचं धाकटीनं वाटेतच ठरवून ठेवलं होतं. पण तिचं तोंड उघडायच्या आत थोरली बोलून मोकळी झाली.

"हिनं. सगळं हिनंच. मी तर घरातसुद्धा नव्हते."

बाईंनी वहीत धाकटीचं नाव लिहिलं. आता दर महिन्याला चाळीस पाऊच जातात. थोरली त्यांना चेनी लावते; त्यात थांबावं लागत नाही.