दोन घरांत एक बंगई

आमच्याकडे नवा पाहुणा आला की चहा निवायच्या आत विचारतो, "मास्तर, हे असं काहून हाय?" मग एकातून दुसरा किस्सा निघतो आणि पाहुण्याची बस चुकते.

यवतमाळातली आमची बिल्डिंग म्हणजे एका कापूसवाल्या शेठची कोठी. कापसाचा धंदा बसला, जिनिंग बंद पडली, शेठची पोरं पुण्याला गेली आणि बिल्डरनं कोठीचे फ्लॅट पाडले. भिंती त्यानं मनाला येईल तिथं घातल्या. कुणाच्या वाट्याला अर्धी कमान आली, कुणाला जिना नसलेला कठडा. मी ड्रॉइंग मास्तर, त्यातून भोचक. मला तर खजिनाच सापडला.

*

मागच्या बाजूचे जोशी तबेल्यात राहतात. घोडा बांधायची कडी अजून हॉलच्या भिंतीत आहे. त्यांच्या मुलाला पाहायला दारव्ह्याची मंडळी आली. मुलीच्या मामाची नजर कडीवरून हटेना. शेवटी विचारलंच, "इथं काय बांधता?"

जोशी शांतपणे म्हणाले, "लग्न झालं की पोराले."

सोयरीक जमली.

*

आमच्या बेडरूममध्ये पूर्वी रुईचे नमुने ठेवायचे. उन्हाळ्यात पंखा जोरात लावला की छताच्या फटींतून अजून रुई उतरते. पहिल्या वर्षी बायको, संध्या, शिंकून शिंकून वैतागली. दुसऱ्या वर्षी टोपली घेऊनच बसली. "बाजारात भाव पडला असंन, आपल्या घरी तं कापूस फुकट येऊन राह्यला." आता त्याच्या वाती होतात.

*

सगळ्यात मजेची चीज आमच्या स्वयंपाकघरात आहे. भिंतीत एक पितळी नळी. खालच्या दिवाणखान्यात दलाल काय कुजबुजतात ते शेठ वर बसून या नळीतून ऐकायचा. आता तिचं खालचं तोंड बापूराव देशमुखांच्या ओट्यापाशी उघडतं. बापूराव स्वतः जुने कापूस दलाल. त्यांच्याकडे आज भाजी कोणती, हे आम्हाला फोडणीआधी कळतं.

दिवाणखान्याचे दोन फ्लॅट झाले. एकात बापूराव, दुसऱ्यात शेठच्या जिनिंगमधले फिटर हनीफचाचा. शेठची सागवानी बंगई, म्हणजे झोपाळा, तिथंच टांगलेली असायची. बिल्डरची भिंत नेमकी तिच्या मधून गेली. छतातल्या दोन कड्या इकडे, दोन तिकडे. फळी बापूरावांकडे राहिली, साखळ्या चाचांकडे. बंगई माझी, असं दोघंही म्हणाले आणि बोलणं बंद झालं. फळीवर पापड वाळायचे, साखळ्यांवर टॉवेल.

*

एक दिवस संध्यानं मला नळीपाशी ओढलं. खाली बापूरावांची लेक शीला आईशी बोलत होती. शीलाचं बाळ आधी दोनदा सातव्या महिन्याच्या आतच गेलं होतं. या खेपेला सातवा लागला होता.

"आई, मले डोहाळजेवणाले आपल्या बंगईवर बसाचं हाय. लहानपणी बाबासंग सौद्याले आली का मी तिच्यावरच बसत होती."

"खुर्चीले फुलं लावून देतो नं बाई."

"खुर्ची हालते काय?"

मग आवाज बारीक झाला. "मले लय भेव वाटते आई. तिच्यावर बसली का भेव जात होतं माहं."

नळीच्या या टोकाला संध्यानं पदर डोळ्याला लावला. मी चपला घातल्या आणि सरळ हनीफचाचांचं दार वाजवलं. ऐकलं ते सगळं सांगून टाकलं.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी चाचा खांद्यावर रुमाल टाकून बापूरावांच्या दारात उभे. आम्ही सगळे आपापल्या अर्ध्या कमानींतून डोकावलो. बापूराव बाहेर आले. चाचांनी रुमालाखाली हात पुढे केला.

जुने लोक असाच सौदा करायचे. कापडाखाली बोटं दाबायची, जितकी बोटं तसा भाव, बघणाऱ्याला काही कळत नाही. बापूरावांचा आयुष्यभराचा हात तो. त्यांनी रुमालाखाली हात घातला. रुमाल जराही हलला नाही. मग बापूरावांनी हात काढून घेतला, डोळे पुसले आणि आत जाऊन फळीवरचे पापड उचलले.

दुपारपर्यंत चाचांनी भिंतीला फळीच्या उंचीवर आडवं लांबलचक भगदाड पाडलं. फळी आरपार गेली, चारही कड्यांना साखळ्या लागल्या. अर्धी बंगई इकडे, अर्धी तिकडे.

डोहाळजेवणाला शीला हिरवी साडी नेसून इकडच्या अर्ध्यावर बसली. झोका दिला तर बंगई तिरपी होऊन भिंतीला घासायला लागली. शीलाचा चेहरा उतरला.

भिंतीपलीकडून चाचींचा आवाज आला, "थांब बेटा, मी बसतो इकडून." फळी समतोल झाली. भगदाडातून चाचींचा हात आला, शीलानं तो धरला आणि बंगई दोन्ही घरांत हलायला लागली.

*

शीलाचा मुलगा आता फळीवरून त्या भगदाडातून दोन्ही घरांत रांगतो. पण माझा भोचकपणा जाईना. परवा चाचांना गाठलं. "चाचा, त्या दिवशी किती बोटं दाबली?"

चाचांनी खांद्यावरचा रुमाल काढला, माझ्या हातावर टाकला आणि खालून हात घातला. माझा पंजा सगळाच्या सगळा हातात घेतला. मी वाट पाहतोय, आता एखादं बोट दाबतील, मग दाबतील.

चाचा म्हणाले, "झालं नं मास्तर. एवढंच."