पाहुण्यांसाठी रंगवलेली बालवाडी

चार माणसं एकत्र आली की काम कमी आणि किस्से जास्त. आमच्या मंडळाचे तर पोतंभर साठलेत. मी अध्यक्ष होतो. शिक्षण चौथी. लाज नाही.

भडगावजवळच्या आमच्या गावात बालवाडीची खोली धाब्याची, वर मातीचं छत. पावसाळ्यात गळायची, पोरं चार महिने घरी. स्लॅब हवा होता. जळगावची एक संस्था मदत करणार होती, पण आधी बोलायला, नियोजन करायला आणि निधी मागायला शिका म्हणाली. तीन दिवसांचं शिबिर. मी, सेक्रेटरी नाना आणि बालवाडी चालवणाऱ्या अक्का, असे तिघे गेलो.

*

पहिल्या दिवशी संस्थेच्या सरांनी दोन मिनिटांत ओळख करून द्यायला सांगितली. नानांनी आजोबांपासून सुरुवात केली. वेळ संपली तेव्हा वडिलांचं लग्न ठरत होतं.

अक्का उठल्या, नमस्कार केला, बसल्या. सर म्हणाले, "अक्का, बोलल्याशिवाय गरज कशी कळणार?" अक्कांनी नुसती मान हलवली.

*

दुसऱ्या दिवशी नियोजन. पाच वर्षांनंतरची बालवाडी कागदावर काढायची होती. मी स्लॅबची खोली काढली. नानांनी दारावर पाटी काढली आणि तिच्यावर 'अध्यक्ष' म्हणून स्वतःचं नाव घातलं. त्या दिवशी मी नानांशी बोललो नाही.

*

तिसऱ्या दिवशी मागण्याचा सराव. सर झाले शेठ. मी पाऊसपाणी विचारलं, कापूस विचारला, मुलीचं सासर विचारलं आणि उठून दारापर्यंत आलो.

"आबा, मागायचं राहिलं!" सर मागून ओरडले.

मी म्हणालो, "आमच्याकडे निघताना दारातच मागतात. बसल्या बसल्या मागितलं तर समोरच्याला चहा गोड लागत नाही."

सरांनी ते वहीत लिहून घेतलं.

*

मग सर खोली पाहायला गावात आले. पाहुण्यांना गळकी खोली दाखवायची कशी? आम्ही भिंती रंगवल्या. ओलीचे डाग दिसू नयेत म्हणून छताखाली मांडवाचं कापड ताणून बांधलं. भरीत-पुरी केली.

सर जेवून खोलीत बसले. वर पाहिलं, भिंती पाहिल्या. फाईल मिटून म्हणाले, "खोली तर उत्तम आहे. मदत दुसऱ्या गावाला द्यावी लागेल."

अक्का उठून बाहेर गेल्या.

थोड्या वेळाने धाब्यावर पावलं वाजली. एक घागर ओतल्याचा आवाज आला. मग दुसरी. मग तिसरी. कापडाला पोट आलं. पोट वाढत गेलं, कोपऱ्यातली दोरी सुटली आणि सगळं पाणी सरांच्या डोक्यावर.

वरून अक्का म्हणाल्या, "आते समजनं का, सर?"

सरांनी चष्मा पुसला आणि मिटलेली फाईल पुन्हा उघडली.