काचेवरची गोकर्ण

बारा वर्षांपूर्वीचा, दिवाळीनंतरचा सोमवार. हजर: मी, आई, गुलमंडीतल्या झेरॉक्स दुकानाचे सलीमभाई.

आज कपाट आवरताना सलीमभाईंकडची काळी ओढणी सापडली. त्या सोमवारच्या सुमारास आईची नजर झपाट्यानं जात होती. स्वतः लावलेल्या गोकर्णीचं फूल तिला एकदा नीट पाहायचं होतं. ते मोठं करून छापायचं म्हणून काचेवर ठेवलं, पण स्कॅनरच्या झाकणाखाली चिरडलं असतं. सलीमभाईंनी वरच्या घरातून बायकोची ओढणी मागवून झाकणाऐवजी फुलावर अलगद पसरली.

"फूल अम्माचं, ओढणी बेगमची. आपण फक्त बटन दाबलं!"

ताटाएवढं निळं फूल छापून आलं. आईनं कागद डोळ्यांशी नेला.

"अगं, याला शिरा बी हायेत की!"

मला वाटलं, माझ्या त्या दिवसाच्या कामांच्या यादीतलं एक काम झालं. नजर गेल्यावरही आई त्या शिरा बोटानं हवेत काढून दाखवायची.

फुलाचा रस लागला म्हणून ओढणी धुवायला आणली होती. परत द्यायची अजून राहिली आहे.